एडी फॅरोची तब्येत

सॉल्टबुश कविता मंचावर एक्केचाळीस सभासद आहेत. त्यांतल्या एकोणचाळीस जणांना मी नकोशी आहे. उरलेल्या दोघींपैकी एक मी स्वतः आणि दुसरी एडी फॅरो. हे सगळं एडीबद्दलच आहे, पण आधी माझं गाऱ्हाणं ऐकावं लागेल.

मी नोरीन ट्रेगेन्झा. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या किम्बा गावच्या पोस्टात एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर घरी बसून नवऱ्याचं डोकं खाण्यापेक्षा बरं, म्हणून कॉम्प्युटरवरच्या या मंचावर जाऊ लागले. ज्या गृहस्थांनी तो काढला ते लेकीकडे क्वीन्सलँडला राहायला गेले आणि जाताना म्हणाले, "नोरीन, दोनेक महिने तेवढं बघशील?" त्याला आता नऊ वर्षं झाली. दर वर्षी मी विचारते, घेतंय का कोणी हे मॉडरेटरचं काम? एका यमकावरून चार-चार दिवस भांडणारी माणसं तेव्हा एकदम मुकी होतात.

आमच्याकडे कविता तालातली आणि यमकातली. विषय म्हणजे मेंढ्या, न पडलेला पाऊस आणि मेलेली कुत्री. कडक नियम दोनच. पहिला असा की आपली एक कविता टाकायची तर आधी इतरांच्या तीन कवितांवर प्रतिसाद द्यायचा, आणि तो धड द्यायचा. 'वा, सुंदर', 'डोळे पाणावले' असलं काही दिसलं की मी उडवते. कुठल्या ओळीत काय खटकलं ते सांगा. दुसरा नियम, एका माणसाला एकच नाव. डुआयडी, म्हणजे दुसरं खोटं नाव घेऊन आत शिरणं, पकडलं गेलं की माणूस कायमचा बाहेर.

मर्विन पास्को नावाचा एक जण होता, लिहायचाही बरा. तो दुसऱ्या नावाने येऊन स्वतःच्याच कवितेची पाठ थोपटताना सापडला. त्याने तीनदा माफी मागितली. त्याच्या बायकोने मला फोन केला. मी काही ऐकलं नाही, त्याचं नाव सगळ्यांदेखत जाहीर केलं आणि दार लावून घेतलं. केवढा न्याय केला असं मला तेव्हा वाटलं होतं.

त्यानंतर चारच महिन्यांनी मी एडी फॅरोला जन्माला घातलं.

झालं असं, की धड प्रतिसाद द्यायचा म्हणजे डोकं लागतं, त्यामुळे नवख्यांच्या कवितांकडे कोणी फिरकत नसे. मग मीच लिहायची आणि नवखे पळून जायचे. एका बाईने आपल्या घोडीवर पहिलीवहिली कविता टाकली. तिसरं कडवं लंगडतंय, एवढंच मी म्हटलं. ती निघून गेली आणि जाताना मला निरोप टाकला, "तुमचं काही कोणी कधी मायेनं वाचलेलं दिसत नाही." हे मला लागलं. आठवडाभर लागत राहिलं.

म्हणून एडी. सेडूनाच्या शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली विधवा, गुडघे दुखणारी. सेडूना निवडलं कारण आमचा एकही सभासद तिथे राहत नाही. एडी सांगायची तेच जे मी सांगितलं असतं, फक्त हळू आवाजात. माझ्या नावाने जे क्रौर्य ठरायचं, ते तिच्या नावाने उपकार ठरत होतं. आधी मला याचा राग आला. मग गोडी लागली. एडी होऊन बसले की माझे आखडलेले खांदेसुद्धा खाली यायचे. खरं सांगते, ती मला माझ्यापेक्षा आवडायची.

लेन, म्हणजे माझा नवरा, दारातून डोकावून विचारायचा, "आज कोण बसलंय? चहात साखर घालायची की नाही, ते तरी कळू दे."

"गप बस."

"म्हणजे नोरीन बसलीय," असं म्हणून तो बिनसाखरेचा आणून ठेवायचा.

मग क्लेम हॅड्रिक आला. क्वॉर्नकडचा मेंढपाळ, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, बायको जीन जाऊन दीड वर्ष झालेलं. त्याची पहिली कविता फाटकांवर होती. आमच्याकडे शेतावरून गाडी जाते तेव्हा शेजारी बसलेल्याने उतरून फाटक उघडायचं, गाडी आत गेली की लावायचं आणि परत चढायचं. चाळीस वर्षं ते काम जीनचं. त्यात दोन ओळी होत्या:

गाडी थांबते फाटकापाशी, मी बसून राहतो,
उतरेल कोणी बाजूचे म्हणून क्षणभर पाहतो.

मी माझ्या नावाने लिहिलं, "सात फाटकं मोजून दाखवायची गरज नाही. चौथं कडवं काढा." एडीने लिहिलं, "क्लेम, चौथं कडवं नसलं तरी चालेल, कारण दुसऱ्यातच तू मला त्या गाडीत बसवलंस. इथे कवी बोलत नाही, माणूस बोलतोय." तो प्रतिसाद लिहायला मला दोन तास लागले होते. त्यातला शब्द न् शब्द खरा होता.

तेव्हापासून क्लेम एडीचा झाला. तिला खासगी निरोप पाठवू लागला. मेंढ्यांची लोकर, गुडघ्यांवरचं मलम, जीनचं हस्ताक्षर. एकदा त्याने लिहिलं, "जीन गेल्यापासून माझं लिहिलेलं वाचणारं तूच एक माणूस आहेस. तू नसतीस तर मी वही चुलीत घातली असती." हे वाचून मी कॉम्प्युटर बंद केला आणि बाहेर जाऊन उगाच सुकलेले कपडे पुन्हा झटकले. त्याच दिवशी खरं सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर वही चुलीत गेली असती, आणि मर्विन पास्कोला बाहेर काढणारी मीच होते.

भांडण पेटलं ते नेहमीसारखंच, क्षुल्लक गोष्टीवरून. कविता दुरुस्त केली तर ती त्याच धाग्यात, म्हणजे मूळ कवितेच्याच पानावर, खाली टाकायची असते. क्लेम दर वेळी नवा धागा काढायचा. फाटकांची कविता सहा वेळा पहिल्या पानावर, बाकीच्यांच्या कविता खाली ढकललेल्या. मी दोनदा समजावलं, तिसऱ्यांदा पाच धागे बंद केले. झालं. क्लेमने लिहिलं:

"बाईसाहेब कविता वाचत नाहीत, झडती घेतात. सेडूनाच्या नाक्यावर किडीच्या भीतीने गाडीतली फळं काढून घेतात ना, त्या खात्यात शोभल्या असत्या. कुणाच्या ओळीत किडा सापडतोय याच आनंदावर जगतात."

एकोणीस जणांनी त्याला अंगठा दाखवला, म्हणजे वर करून. मग मतदानाची मागणी आली. दहा जणांनी सह्या केल्या की मॉडरेटर बदलण्यासाठी मत घ्यावं लागतं, हा नियमही माझाच. क्लेमने नाव सुचवलं: एडी फॅरो.

एडीला सव्वीस मतं पडली, मला सात. त्या सातांत एक माझं होतं आणि एक एडीचं. तिने मला मत दिलं नसतं तर बरं दिसलं नसतं.

बार्ब निचकेचा फोन आला. बार्ब वुडिनाला राहते, मंचावर चहाड्या करते आणि माझी मैत्रीण आहे, निदान तसं आम्ही दोघी म्हणतो.

"अगं, मनाला लावून घेऊ नकोस," ती म्हणाली. "तू नऊ वर्षं ओढलंस. आता ती ओढेल. आणि खरं सांगू का? ती तुझ्यापेक्षा बरी आहे."

"माहीत आहे."

"मी तुलाच मत दिलं हं."

"सगळे हेच सांगताहेत, बार्ब. मतं सात, आणि फोन आतापर्यंत दहा आले."

लेन ऐकत होता. मी फोन ठेवल्यावर म्हणाला, "आपणच आपल्याला पाडलेली बाई मी पहिल्यांदाच बघतोय. आता काय, स्वतःला किल्ल्या देणार?"

एडीला ते पद घेता येत नव्हतं. मॉडरेटरला बार्ब दर आठवड्याला फोन करतेच, शिवाय वार्षिक मेळाव्यात कविता म्हणावी लागते. एडीला आवाज नव्हता. म्हणून मी तिच्या नावाने नम्र नकार लिहिला, आणि कारण द्यायला हवं म्हणून शेवटी एक ओळ टाकली: "हल्ली तब्येत बरी नसते."

ही माझी घोडचूक. मी शहरातली बाई असते तर चालून गेलं असतं. पण मी सगळा जन्म या भागात काढलेला, मला कळायला नको? आमच्याकडे माणूस भांडकुदळ असेल, कंजूष असेल, चार पिढ्यांचं वैर धरून बसलेला असेल. कोणी आजारी आहे म्हटलं की त्याच्या घरी पोचवायला ओव्हनमध्ये भांडं जातंच. भांड्याच्या बुडाला पट्टी चिकटवून त्यावर नाव लिहितात, म्हणजे बरं झाल्यावर परत करता येतं. दुपारपर्यंत बार्बचा पुन्हा फोन. "पत्ता दे तिचा. मी जर्दाळू घातलेली कोंबडी केलीय, दोन वेळा पुरेल. ती गुडघ्याची बाई, एकटी, तिच्याकडे कोण बघणार?" संध्याकाळपर्यंत नऊ जणांनी पत्ता मागितला. मॉडरेटरला सभासदांचे पत्ते दिसतात, हे सगळ्यांना ठाऊक. मी नऊही जणांना कळवलं की पत्ते देणं नियमात बसत नाही.

दोन दिवसांनी सकाळी नऊच्या सुमाराला दारात एक धुळीने माखलेली, मागे उघडा हौदा असलेली गाडी थांबली. लाल कातडीचा, किडकिडीत, बाह्या मनगटापर्यंत लावलेला माणूस उतरला. टोपी हातात घेऊन उभा राहिला.

"मिसेस ट्रेगेन्झा? मी क्लेम हॅड्रिक. गावात घर विचारत आलो. ते नाक्याबद्दल लिहिलं होतं, ते मी."

मी त्याला स्वयंपाकघरात घेतलं. टेबलावर कॉम्प्युटर उघडाच होता आणि त्यावर एडीच्या नावाने मी आत होते. मी झाकण लावलं. इतक्या जोरात लावलं, की लेनने चहाचं भांडं खाली ठेवलं आणि गॅरेजमध्ये काहीतरी शोधायचं आहे असं पुटपुटत बाहेर गेला. मला एकटीला टाकून गेला मेला.

"मी जास्त बोललो," क्लेम म्हणाला. "जीन असती तर तिने मला लिहूच दिलं नसतं ते. माफ करा."

"मीही पाच धागे एकदम बंद करायला नको होते."

"नाही, नियम तो नियम." त्याने टोपी गुडघ्यावर ठेवली. "मी सेडूनाला निघालोय. मागे बर्फाच्या पेटीत मटणाचा रस्सा आहे, शेजारणीने दिलेला केक आहे, क्वांडाँगच्या रानफळांचा मुरंबा आहे. तुम्ही तिला फोन करून विचारा हवं तर. म्हणावं, क्लेम आलाय, पाच मिनिटं दारात उभा राहून जाईल."

मी त्याच्याकडे बघत होते. एवढा रस्ता करून आला होता आणि अजून तीनशे किलोमीटर जायचं होतं, बाहेर एक्केचाळीस अंश. तोंड उघडायचं आणि 'मीच' म्हणायचं, एवढंच काम होतं. माझ्या तोंडून आलं ते असं: "पत्ता देणं नियमात बसत नाही, मिस्टर हॅड्रिक."

तो हसला, वाईट वाटून नाही, समजूतदारपणे. "तुमचंही बरोबर आहे. सेडूना काही मोठं गाव नाही. विचारत जाईन."

आणि मी त्याला जाऊ दिलं. त्याची गाडी हायवेला लागून पश्चिमेला वळेपर्यंत दारात उभी राहिले. लेन परत आला. त्याने फक्त विचारलं, "गेला?" मी मान हलवली. "नोरीन," तो म्हणाला, "हे चांगलं नाही झालं." तेहेतीस वर्षांच्या संसारात तो मला असं दोनदाच बोललाय.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काहीच कळलं नाही. दोन वाजता मंचावर क्लेमची नवी कविता आली, मोटेलमधून टाकलेली. चार कडवी. पहिलं असं होतं:

सतरा दारी थांबलो मी, एकच नाव विचारले,
सतरा जणींनी पाणी दिले, एकीनेही न ओळखले.

पुढे तो शाळेत गेलेला, इस्पितळात गेलेला. शेवटच्या कडव्यात दफनभूमीतल्या नव्या मातीवरची नावं वाचत उभा होता.

मला खुर्चीतून उठता येईना. तासाभराने फोन वाजला. माझा नंबर त्याला बार्बने दिला होता.

"मिसेस ट्रेगेन्झा, त्रास देतोय. शाळेतले म्हणतात या नावाची कोणी बाई इथे कधी नव्हतीच. मी पोलिसात सांगू का? एकटी बाई, घरात पडली असेल, कोणाला पत्ताही..."

"क्लेम," मी म्हणाले. पहिल्यांदाच नावाने. "पोलिसात जाऊ नका. एडी मी आहे."

मी बोलत राहिले. घोडीची कविता, नवखे, दोन तास, सगळं सांगितलं. मर्विनचंही सांगितलं. कुठे थांबावं ते कळत नव्हतं, कारण थांबले की त्याची पाळी येणार होती. शेवटी दम संपला.

"बरं," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

मी त्याच बैठकीत मंचावर सगळं लिहून टाकलं. एडीचं खातं बंद केलं. मग नियमाप्रमाणे स्वतःला बाहेर काढायला गेले, तर पडद्यावर आलं की शेवटच्या मॉडरेटरला काढता येत नाही, आधी दुसरा नेमा. मी विचारलं, कोण होतंय? तोवर एकतीस जणांनी मला ढोंगी, खोटारडी, म्हातारी चेटकीण म्हटलं होतं. त्या प्रश्नावर मात्र एकाचंही उत्तर आलं नाही. बार्बने फोन करून सांगितलं, "तुझं तोंड बघायची इच्छा नाही. पण सोडू नकोस हं, नाहीतर ते माझ्या गळ्यात मारतील."

सेडूनाहून क्वॉर्नला जायला रस्ता एकच, आणि तो आमच्या दारावरून जातो. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी खिडकीशी होते. मालट्रक जात होते, पर्यटकांच्या गाड्या जात होत्या. तो थांबला नाही तर काय, आणि थांबला तर काय, मला दोन्ही नको होतं. लेन चेंडूफळीच्या क्लबात जायला निघाला होता. मी म्हणाले, "जाऊ नकोस." तो बूट काढून पुन्हा बसला.

बाराच्या पुढे गाडी आली आणि थांबली. क्लेम बर्फाची पेटी उचलून आत आला, न विचारता. टेबलावर ठेवली.

"टाकून द्यायचं नाही, असं जीन म्हणायची," तो म्हणाला. "आजारी बाईसाठी केलं होतं. तुम्ही खा." मग लेनला म्हणाला, "तुम्हीही."

लेनने रस्स्याचं भांडं ओव्हनमध्ये ठेवलं आणि या वेळी तो बाहेर गेला नाही. क्लेम बसला. त्याच्या हातांची पाठ उन्हाने सोललेली होती. दोन दिवसांत सतरा दारांत उभा राहिलेला माणूस.

"एकच विचारायला थांबलो," तो म्हणाला. "फाटकांच्या कवितेवर तुम्ही लिहिलंत, चौथं कडवं काढा. एडीने लिहिलं, तू मला गाडीत बसवलंस. त्यातलं खरं कुठलं?"

"दोन्ही."

"मग एकाच बाईने दोन्ही का नाही सांगितलं?"

लाज वाटली, एवढंच खरं, आणि तेही मी बोलले नाही.

त्याने खिशातून वही काढली, चुलीत न गेलेली, आणि सेडूनाची कविता उघडून माझ्यापुढे सरकवली. "यावर कोणी काही बोललेलं नाही. त्यांना वाटतं आता मला कीव हवी आहे. मला प्रतिसाद हवा आहे. एडीचा नको. तुमच्या तोंडून."

मी चष्मा लावला. ओळी पाठ झाल्या होत्या तरी पुन्हा वाचल्या. "दुसरं कडवं पहिल्याचंच सांगतंय," मी म्हणाले. "आणि इस्पितळातल्या ओळीत ताल मोडतो."

"बरोबर." त्याने पेन्सिलीने खूण केली. "आणि?"

आणि ते शेवटचं कडवं वाचून मला उठता आलं नव्हतं. आणि माझं नसलेलं नाव कोणी असं दारोदार विचारत फिरेल याला मी लायक नव्हते. एडी होऊन बसले असते तर हे लिहून टाकलं असतं, हलक्या हाताने. मी तोंड उघडलं. माझ्या स्वतःच्या आवाजात असलं काही मी कधी कोणाला बोलले नव्हते, या घरात तेहेतीस वर्षं राहणाऱ्यालासुद्धा नाही, आणि तो ओव्हनपाशी पाठ करून उभा होता, कान माझ्याकडे लावून.

"आणि..." मी म्हणाले.

क्लेमने वही मागे घेतली नाही. खुर्ची टेबलाजवळ ओढली, टोपी खाली जमिनीवर ठेवली.

"सांगा सावकाश," तो म्हणाला. "मला घाई नाही."